पहिल्या कंटेनरचा तोटा कुणाच्या अंगावर?

आमच्या कोल्हापुरात एक्सपोर्टवर कार्यक्रम झाला की स्टेजवरून कुणीतरी एक वाक्य हमखास बोलतंच, की आपल्या छोट्या कारखानदाराकडं क्वालिटी आहे पण धाडस नाही, मानसिकता बदलली पाहिजे. समोरचे लोक माना हलवतात, चहा-नाश्ता होतो आणि सगळे आपापल्या शेडवर परत जातात. मला हे मुळातच पटत नाही. ज्या माणसानं राहतं घर तारण ठेवून पस्तीस-चाळीस लाखांचं व्हीएमसी मशीन घेतलंय, आणि तेही पुण्यातल्या कंपनीच्या परचेसवाल्यानं "तुम्ही मशीन लावा, काम देतो" असं नुसतं तोंडी म्हटल्यावर, त्याच्यात धाडस नाही असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? धाडस तो रोज करतोय. मग हाच माणूस परदेशातनं आलेल्या ईमेलला उत्तर का देत नाही, हा प्रश्न विचारायला पाहिजे आणि त्याचं उत्तर त्याच्या स्वभावात सापडणार नाही.

माझं काम लहान युनिट्सचं कॉस्टिंग आणि कागदपत्रं बघायचं, त्यामुळं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या शेडमध्ये उठबस असते. तिथं बसून जे दिसतं त्यावरनं माझं मत असं झालंय की एक्सपोर्ट करायची तयारी दोन गोष्टींवर ठरते. पहिल्या ऑर्डरच्या मागं लागायला वेळ कुणाकडं आहे, आणि ती ऑर्डर फसली तर तोटा कुणाच्या अंगावर येणार. आज या दोन्हीचं उत्तर एकच आहे, मालक. एकटा मालक. जोपर्यंत हे उत्तर बदलत नाही तोपर्यंत कितीही सेमिनार घ्या, फरक पडणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कोल्हापूरचा माल परदेशात जात नाही असं अजिबात नाही. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचे कारखाने आहेत, त्यातल्या मोठ्या फाउंड्र्या वर्षानुवर्षं थेट एक्सपोर्ट करतायत आणि चांगल्या करतायत. आणि जे लहान आहेत त्यांचाही माल जातोच, फक्त त्यांच्या नावानं जात नाही. उद्यमनगरात मशीनिंग झालेलं ब्रॅकेट पुण्याला जातं, तिथं असेंब्लीत बसतं आणि ती असेंब्ली युरोपात जाते. ज्यानं ते बोअरिंग केलं त्याला हे माहीतही नसतं, किंवा माहीत असलं तरी त्यात आपलं काय आहे असं त्याला वाटत नाही. म्हणजे परदेशी क्वालिटीला पास होणारं काम इथं होतंय हे सिद्ध झालेलंच आहे, प्रश्न कौशल्याचा राहिलेलाच नाही. या गावानं शेतीची ऑइल इंजिनं स्वतः बघून, खोलून, परत जोडून बनवली, त्याची ख्याती सगळ्यांना माहीत आहे, परत परत सांगत बसत नाही.

आता एन्क्वायरी येते तेव्हा शेडवर काय होतं ते जरा जवळनं बघा. मालक सकाळी आठला येतो. वाळू ओली आहे का, कोअर शॉपला माणूस आलाय का, एमएसईबीचा फीडर सकाळी ट्रिप झाला होता तर फर्नेसचं शेड्यूल कसं लावायचं, पुण्याच्या पार्टीचा फोन की कालच्या लॉटमध्ये चार पीसला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं आहेत, स्क्रॅपवाला पेमेंटसाठी येऊन बसलाय, आणि जीएसटीची तारीख उद्या. यात मोबाइलवर एक मेल येतो. इंग्रजीत, सोबत सात ड्रॉइंग. ड्रॉइंगवर मटेरियल लिहिलंय जीजेएल २५०, हा ओतीव लोखंडाचा युरोपातला ग्रेड. आपल्याकडं रोज जे ओततो ते एफजी २६०, तसं बघितलं तर जवळपास तीच गोष्ट, पण समोरचा त्यांच्या स्टँडर्डप्रमाणं टेस्ट सर्टिफिकेट मागणार, पेंटची जाडी मायक्रॉनमध्ये मागणार, पीपॅपची, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायच्या कागदांची फाइल मागणार, आणि रेट विचारणार तो किलोवर नाही तर पीसवर, आणि तोसुद्धा एफओबी न्हावाशेवा, म्हणजे मुंबईजवळच्या त्या बंदरात जहाजावर चढवून, किंवा थेट त्याच्या दारात पोच. हे सगळं नीट करून कोटेशन पाठवायचं तर दोन-तीन दिवस शांत बसून काम पाहिजे. ते दोन-तीन दिवस कुठनं आणायचे? मेल तसाच खाली जातो. आठवड्यानं आठवण येते तेव्हा वाटतं आता काय उत्तर द्यायचं, उशीर झाला. याला कुणी अनास्था म्हणत असेल तर त्यानं एकदा त्या खुर्चीत दिवसभर बसून बघावं.

मोठ्या कंपनीत या मेलला उत्तर द्यायला वेगळा माणूस असतो, त्याचा पगारच त्यासाठी असतो. पंधरा-वीस कामगारांच्या युनिटला असा माणूस ठेवणं परवडत नाही, कारण पहिली ऑर्डर यायला वर्ष लागेल की दोन वर्षं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तोवर त्याचा पगार जॉबवर्कच्या मार्जिनमधनं काढायचा, जे मार्जिन आधीच जेमतेम आहे.

याबाबतीत परदेशातला एक जुना अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९७७ साली बिल्की आणि टेसर या दोघांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लहान-मध्यम कारखानदारांचा अभ्यास छापला होता, की हे लोक एक्सपोर्टकडं कसे वळतात. त्यांना असं दिसलं की कारखाना लहान का मोठा यापेक्षा तो चालवणारी मॅनेजमेंट किती तडफदार आणि किती दर्जेदार आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि दुसरं म्हणजे पहिली ऑर्डर बऱ्याचदा न मागता, आपणहून चालत आलेली असते. म्हणजे कारखानदार बाजार शोधत निघाला असं नाही, कुणीतरी त्याला शोधत आलं. दुसरी गोष्ट मला शंभर टक्के पटते, कोल्हापुरातही ज्यांच्याकडनं ऐकलं त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशीच झालीय, कुणीतरी प्रदर्शनात भेटला, कुणाचा तरी जुना क्वालिटी मॅनेजर नोकरी बदलून परदेशी कंपनीत गेला आणि त्यानं नाव सुचवलं. पहिल्या गोष्टीबद्दल मात्र माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मॅनेजमेंट तडफदार पाहिजे हे बरोबर, पण आमच्याकडच्या युनिटमध्ये मॅनेजमेंट म्हणजे कोण? एक माणूस, आणि फार तर अर्धा वेळ येणारा अकाउंटंट. त्याची तडफ सकाळी फर्नेसवर आणि संध्याकाळी वसुलीवर संपते. तडफ कमी पडत नाही, ती दुसरीकडं खर्च झालेली असते.

आता दुसरा मुद्दा, तोट्याचा, आणि मला हा जास्त गंभीर वाटतो. उदाहरण म्हणून धरा की वीस लाखांची ऑर्डर आहे, साधारण एक वीस फुटी कंटेनर भरेल एवढं कास्टिंग, अठरा-वीस टन. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवायचा खर्च वेगळा. पिग आयर्न आणि स्क्रॅप रोखीत किंवा फार तर पंधरा दिवसांच्या उधारीवर. लोखंड वितळवायला टनाला साधारण सहाशे युनिट वीज, आणि महाराष्ट्रातल्या वीजदरावरनं इथले फाउंड्रीवाले कर्नाटकात जायची भाषा करत होते हे सगळ्यांना आठवत असेल. महिना-दीड महिना प्रोडक्शनला. मग कंटेनर चारशे किलोमीटरवर न्हावाशेव्याला. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला लागली, तेव्हापासून दहा-पंधरा दिवस वाढीव धरूनच चालावं लागलं. आणि पेमेंट बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीच्या तारखेपासून साठ दिवसांनी. कच्चा माल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीन-साडेतीन महिने सहज जातात.

कुणी म्हणेल की इथल्या पार्ट्या तरी कुठं वेळेवर देतात? खरं आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा लिहिलीय आणि तरी नव्वद-एकशेवीस दिवस थांबणारे मी रोज बघतो. त्यामुळं फक्त पैसे उशिरा येतात म्हणून माणूस घाबरतो असं मला वाटत नाही. घाबरतो तो रिजेक्शनला.

पुण्याच्या कंपनीत माल रिजेक्ट झाला तर काय होतं? रात्री फोन येतो. मालक नाहीतर त्याचा सुपरवायझर ग्राइंडर, फाइल्स आणि दोन पोरं गाडीत घालून निघतो, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पहाटे चाकण नाहीतर भोसरीत गेटवर. लाइनच्या शेजारी उभं राहून एकेक पीस तपासायचा, बर, म्हणजे कडेला राहिलेली धार काढायची, चांगले वेगळे करायचे, बॅड पार्ट गाडीत टाकून परत आणायचे, फर्नेसमध्ये घालायचे. त्रास होतो, अपमान होतो, झोप जाते, पण तोटा आवाक्यात राहतो कारण आपण तिथं जाऊ शकतो. उद्यमनगरातल्या माणसाचा सगळा आत्मविश्वास यावर उभा आहे, काय झालं तर मी जाऊन निस्तरतो. परदेशात हाच दरवाजा बंद होतो. तिथं चार पीस खराब निघाले तर गिऱ्हाईक सगळा लॉट थर्ड पार्टीकडं सॉर्टिंगला देतं, त्यांचा तासाचा दर युरोत, आणि त्याची डेबिट नोट, म्हणजे आपल्या बिलातनं कापायच्या रकमेचा कागद, आपल्याला येते. माल परत आणायचा म्हटलं तर परतीचं भाडंही आपल्याच अंगावर येतं. वीस लाखांच्या ऑर्डरमध्ये दीड-दोन लाख सुटणार होते, एका डेबिट नोटमध्ये ते गेले आणि वर घरातनं घालायची वेळ. हा हिशेब प्रत्येक कारखानदार मनातल्या मनात करतो, बोलून दाखवत नाही, बाहेर फक्त एवढंच म्हणतो, "कशाला तो व्याप, आपलं चाललंय की बरं."

आणि रिजेक्शन फक्त कास्टिंगचंच असतं असं नाही. लाकडी पॅलेटचंच घ्या. परदेशात जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला उष्णता दिलेली असावी लागते, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि त्यावर तसा शिक्का. लाकडातनं कीड जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. माल एक नंबर, सर्टिफिकेट बरोबर, आणि पॅलेट नेहमीच्या सुतारानं वखारीतल्या लाकडात बनवलेला बिनशिक्क्याचा, तर तिकडच्या बंदरावर तुमचा माल अडकू शकतो. एकदा कळलं की सोपं आहे, शिक्का मारून पॅलेट देणारे लोक आहेत, थोडे पैसे जास्त जातात एवढंच. पण हे पहिल्यांदा कळणार कुणाकडनं? असे पन्नास बारीक मुद्दे आहेत आणि त्यातला प्रत्येक ज्यानं केलंय त्याला क्षुल्लक वाटतो, ज्यानं केलं नाही त्याला कळायला एक कंटेनर लागतो.

म्हणून मला वाटतं की तयारी वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओळखीतला माणूस. सरकारी पोर्टल नाही, पुस्तिका नाही, तज्ज्ञाचं भाषण तर नाहीच. आपल्याच गल्लीतला, आपल्याएवढाच, आपल्यासारखंच मराठी मिडियमला शिकलेला माणूस, ज्यानं माल पाठवला आणि पैसे आले. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनीही १९७७ सालीच मांडलं होतं की कंपन्या परदेशात टप्प्याटप्प्यानं जातात, आधी जे देश मनाला जवळचे वाटतात तिथं, मग लांब. आमच्याकडं मनाला जवळचं म्हणजे भूगोल नाही, तिथं ओळखीचं कोण आहे का हे बघितलं जातं. दुबईत मेहुणा असला तर दुबई जवळ.

पण हेच उलटंही चालतं, आणि जोरात चालतं. एकानं, नाव घ्यायची गरज नाही, व्हॉल्व्ह बॉडीचा पहिला कंटेनर पाठवला, ॲडव्हान्स थोडासाच घेतला होता, माल तिकडच्या बंदरावर पोचला आणि गिऱ्हाईक म्हणालं बाजार पडलाय, वीस टक्के कमी करा तरच उचलतो. बंदरावरचं भाडं रोज चढतंय, परत आणणं शक्य नाही, दुसरं गिऱ्हाईक माहीत नाही. दिलं कमी करून. ही गोष्ट त्या सगळ्या परिसरात माहीत आहे. त्यानंतर तिथं एक्सपोर्टचा विषय निघाला की पहिल्यांदा ही गोष्ट निघते, आणि विषय तिथंच थांबतो. खरं तर यावर उपाय होते, एलसी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेची पैशाची हमी घेता आली असती, ईसीजीसीचा, म्हणजे गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर भरपाई देणारा विमा घेता आला असता, ती सरकारी संस्था तर १९५७ पासून हेच काम करते, गिऱ्हाईकाची पत आधी तपासून घेता आली असती. पण त्या वेळी त्याच्या शेजारी बसून हे सांगणारं कुणी नव्हतं. बँकेनं तारण बघितलं, सीएनं रिटर्न बघितलं, माल पाठवायची सोय करणाऱ्या फॉरवर्डरनं भाडं बघितलं. पूर्ण व्यवहार बघणारा माणूस कुणीच नाही.

सरकारचं म्हणाल तर कागदाचा अडथळा आता तेवढा राहिला नाही हे कबूल केलं पाहिजे. आयईसी, म्हणजे एक्सपोर्टला लागणारा नंबर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरलं की टॅक्स न भरता माल पाठवता येतो. २०२० पासून तर एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योग कोण हे ठरवताना एक्सपोर्टचा टर्नओव्हर धरतच नाहीत, म्हणजे एक्सपोर्ट वाढलं म्हणून लहान उद्योगाच्या सवलती जातील ही भीतीसुद्धा काढून टाकलीय. चांगली गोष्ट आहे. पण दुसरीकडं एक्सपोर्ट कर्जावरच्या व्याजात सूट देणारी योजना ३१ डिसेंबर २०२४ ला बंद पडली, त्याआधी थोड्या थोड्या मुदतवाढी देत देत ती रखडत चालली होती. ज्याचा सगळा धंदा कर्जावरच्या व्याजावर हलतो त्यानं तीन वर्षांचं गणित कसं मांडायचं? जीएसटीच्या रिफंडचं तसंच, नियमात नव्वद टक्के रक्कम सात दिवसांत तात्पुरती द्यायची तरतूद आहे, आणि शेडवर बसून वाट बघणारा माणूस महिने मोजतो. मोठ्या कंपनीला हे आकड्यातला फरक म्हणून पचतं. लहान माणसाला त्या महिन्याचा पगार द्यायचा असतो.

त्यात बाहेरची परिस्थिती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा ज्यांनी नुकतंच अमेरिकन गिऱ्हाईक धरलं होतं त्यांची झोप उडाली. युरोपात १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलादाच्या बऱ्याच वस्तूंवर कार्बनचा हिशेब लागू झालाय, म्हणजे तुमचा माल बनवताना किती कार्बन बाहेर पडला असले प्रश्न गिऱ्हाईक विचारणार. आणि इथलं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता, माल तयार असून बाहेर निघत नव्हता. असं असताना कुणी म्हणालं की देशातली बाजारपेठ एवढी मोठी आहे, कशाला एक्सपोर्टच्या मागं लागायचं, तर तो प्रश्न चुकीचा नाही. प्रत्येकानं एक्सपोर्ट करावं असं माझं म्हणणं नाहीच. ज्याचं स्वतःचं मोजमाप अजून बसलेलं नाही, ज्याच्याकडं रिजेक्शन आठ-दहा टक्के चालू आहे, त्यानं आधी घर सावरावं.

पण त्याच २०१९ सालचं दुसरं चित्र पण आठवा. गाड्यांचा बाजार पडला आणि इथल्या फाउंड्र्यांनी शिफ्ट कमी केल्या, कामगार घरी बसले. ज्यांचं सगळं काम एकाच दोन ऑटो कंपन्यांवर अवलंबून होतं त्यांची अवस्था बघवत नव्हती. ज्यांच्याकडं थोडा का होईना पंप, व्हॉल्व्ह, शेती अवजारं यांचा परदेशात जाणारा माल होता ते तग धरून राहिले. आणि रोजचा मुद्दा वेगळाच, सत्तर टक्के काम एका पार्टीचं असलं की ती पार्टी दर वर्षी रेट कमी करायला लावते आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. दुसरं गिऱ्हाईक असलं की नाही म्हणता येतं. एक्सपोर्टकडं मी डॉलर मिळतात म्हणून बघत नाही, नाही म्हणता यावं म्हणून बघतो.

एक आशेची गोष्ट आहे, ती म्हणजे पुढची पिढी. बाप आयटीआय किंवा अनुभवावर शिकलेला, मुलगा-मुलगी इंजिनिअर किंवा एमबीए. जिथं ही पोरं परत येऊन शेडवर बसलीयत तिथं मेलला उत्तर जातं, व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाईकाला फर्नेस दाखवली जाते. एका युनिटमध्ये सूनबाई सगळं एक्सपोर्टचं बघतात, ड्रॉइंग वाचण्यापासून शिपिंग बिलापर्यंत, आणि सासरे अभिमानानं सांगतात. पण बहुतेक ठिकाणी काय होतं, पोरगं उत्साहानं कोटेशन तयार करतं आणि बाप म्हणतो ॲडव्हान्स शंभर टक्के असला तर घे नाहीतर सोडून दे. बाप चुकतोय असं मला वाटत नाही, त्यानं तोटा भरलेला आहे. दोघांच्या मध्ये जो धोका आहे तो कमी करा, मग बापच सही करेल.

तो कसा कमी करायचा? ज्या जिल्ह्यानं सहकार उभा केला त्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. गोकुळ दूध संघ १९६३ चा. एक म्हैस असलेल्या बाईचं दूध मुंबईत विकायची तिची एकटीची ताकद नव्हती, म्हणून संकलन, टँकर, तपासणी, विक्री सगळं एकत्र केलं. तिला मुंबईच्या गिऱ्हाईकाशी बोलावं लागलं नाही. तसंच एक सामायिक एक्सपोर्ट डेस्क का होऊ शकत नाही? इथं संघटना आहेत, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, फाउंड्रीवाल्यांनी क्लस्टर करून वापरलेली वाळू परत वापरात आणायचा सामायिक प्लांट उभा केला आहे. वाळू एकत्र धुता येते तर मेलला उत्तर एकत्र का देता येऊ नये?

माझ्या डोळ्यासमोर आहे ते फार मोठं नाही. तीन पगारी माणसं. एक जण ड्रॉइंग आणि कोटेशन बघणारा, ज्याला मटेरियल ग्रेड आणि मशीनिंग कळतं आणि इंग्रजीत नीट लिहिता येतं. एक जण कागदपत्रं, विमा, बँक आणि गिऱ्हाईकाची पत तपासणारा. आणि तिसरा परदेशात, हा सगळ्यात महत्त्वाचा. जर्मनीत स्टुटगार्टच्या बाजूला आपले कितीतरी इंजिनिअर राहतात, त्यातल्या कुणाला तरी मानधन देऊन ठरवायचं की कोल्हापूरच्या मालाची तक्रार आली तर तो गिऱ्हाईकाच्या गेटवर जाऊन उभा राहील, पीस बघेल, फोटो पाठवेल, खरंच खराब आहे की रेट पाडायला बहाणा आहे हे सांगेल. रात्री गाडी काढून चाकणला जाणारा जो माणूस आहे ना, तसा एक माणूस तिकडं पाहिजे. भीतीचा निम्मा भाग तिथंच संपतो.

राहिलेला निम्मा पैशाचा. त्यासाठी छोटा फंड. सभासदांच्या एक्सपोर्ट बिलातनं किलोमागं ठरावीक कपात, जशी साखर कारखान्यात उसाच्या बिलातनं टनामागं होते, शेतकऱ्याच्या घरातल्या कारखानदाराला ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. कुठल्याही नव्या सभासदाच्या पहिल्या तीन शिपमेंटमध्ये तोटा आला तर निम्मा फंडातनं. चौथ्यापासून ज्याचं त्यानं बघायचं. सरकारनं सुरुवातीला या फंडात पैसे घालावेत, कारण योजनांचा पैसा इमारतीला आणि मशीनला मिळतो, पगाराला आणि पहिल्या तोट्याला कुणीच देत नाही, आणि अडलंय तर नेमकं तिथंच. हे फक्त फाउंड्रीपुरतंच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव राखणारं मानांकन मिळालं, जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, जगाला ती चप्पल पाहिजे आहे हे तेव्हा कळलं. पण कातडं कमावून, शिवून, हातानं वेणी घालणारा कारागीर त्या जगाला मेल कसा करणार? त्याचाही प्रश्न तोच आहे, मधलं काम करणारं आपलं कुणीतरी पाहिजे.

यावर सगळ्यात जोरात येणारी हरकत मला माहीत आहे. लोक म्हणतात एकमेकांचे स्पर्धक एका डेस्कवर कसे बसतील, माझं गिऱ्हाईक शेजारी पळवेल. भीती खरी आहे, आणि डेस्कच्या नियमात ते आधीच लिहावं लागेल, ज्याच्या नावानं एन्क्वायरी आली त्याच्या लेखी परवानगीशिवाय ती दुसऱ्याला दाखवायची नाही, दाखवली तर सभासदत्व रद्द. पण या गावात विश्वासाचा व्यवहार आधीपासून चालतोय हेही बघा. कुठल्याही जॉबिंग फाउंड्रीत गेलात तर एकमेकांचे स्पर्धक असलेल्या दोन पार्ट्यांचे पॅटर्न एकाच रॅकवर शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. पॅटर्न म्हणजे धंद्याचं गुपितच. तरी माणूस तो फाउंड्रीवाल्याकडं वर्षानुवर्षं ठेवतो, कारण एकाचा पॅटर्न दुसऱ्याला दिला तर त्या फाउंड्रीवाल्याला उद्यमनगरात परत काम मिळणार नाही हे त्याला माहीत असतं. तोच धाक डेस्कवरच्या माणसाला ठेवता येईल. सुरुवातीला सगळे येणार नाहीत. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग करणारे दहा-बारा जण घ्या, ज्यांचं रिजेक्शन तीन टक्क्यांच्या आत आहे असेच घ्या, आणि संघटनेच्या येत्या बैठकीत सेमिनारच्या खर्चाचा विषय येईल तेव्हा त्याच पैशात पहिल्या माणसाचा सहा महिन्यांचा पगार बसतोय का एवढं मांडून बघा.